पिल्लाच्या पोटातील जंत

काळभैरवाचे वाहन म्हणून उज्जयिनीत श्वानाला मान आहे. त्याच्या जंतांची चौकशी मात्र क्वचितच होते. नातवाने आणलेल्या पिल्लाचे फुगलेले पोट पाहून आम्हीही ते बाळसेच समजलो! वस्तुतः गोल जंत आईच्या गर्भातूनच पिल्लात उतरतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत, दर पंधरवड्यास, पशुवैद्य वजन पाहून सांगतील ते औषध द्यावे. हिरड्या पांढुरक्या व विष्ठा काळसर दिसल्यास अंकुशकृमी रक्त शोषीत असण्याची शंका घ्यावी. अशा वेळी एक दिवसाचा विलंबही पिल्लाच्या जिवावर बेततो. शेपटीखालचे तांदळासारखे कण म्हणजे पट्टकृमीचे तुकडे; तेथे पिसवांचाही बंदोबस्त हवा. विष्ठा रोजच्या रोज उचलावी. गोल जंतांची अंडी बाधक होण्यास दोन-तीन आठवडे लागतात. पुढे ती वर्षानुवर्षे मातीत टिकतात, आणि त्याच अंगणात आपली मुले खेळतात.