शर्यतीच्या ट्रॅकवरचं इथेनॉल

मी ऊस पिकवतो. इथेनॉलचा खप वाढला तरच माझं बिल वेळेवर मिळेल, म्हणून अमेरिकेतल्या मका उत्पादकांनी तो कसा वाढवला हे आपल्या साखर कारखानदारांनी बारकाईनं पाहावं असं मला वाटतं.

पत्रकारितेतून शर्यतीत उतरलेल्या पॉल डॅनानं इथेनॉल उत्पादकांना अमेरिकेतल्या इंडीकार शर्यतींकडे आणलं. मार्च 2006 मध्ये होमस्टेडच्या ट्रॅकवर अपघातात तो गेला. पुढच्याच वर्षी इंडीकारच्या सगळ्या गाड्या इथेनॉलवर धावू लागल्या. 2011 मध्ये नॅसकार या तिथल्याच दुसऱ्या शर्यत-मालिकेनं 15 टक्के इथेनॉलचं मिश्रण स्वीकारलं आणि शर्यतीच्या हिरव्या झेंड्यावर ‘अमेरिकन इथेनॉल’ झळकलं. ‘इंजिन टिकेल का?’ या भीतीला भरल्या स्टेडियमसमोर दिलेलं ते उत्तर होतं.

मला ही हिंमत आवडते, पण उत्तर अपुरं वाटतं. रेसचं इंजिन त्या इंधनासाठीच जुळवलेलं असतं. आमच्या दूधवाल्याची जुनी मोटारसायकल तशी नाही, आणि 20 टक्के मिश्रण तिच्या टाकीत आलंसुद्धा. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, मात्र लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. मायलेज थोडं घटणारच. हे त्याला पंपावरच स्पष्ट सांगा, जुन्या गाडीचे रबरी पाइप तपासून द्या. मग खुशाल शर्यती प्रायोजित करा.

आणि इथेनॉलसाठी लागणाऱ्या उसाच्या पाण्याचा हिशेबही मांडा. माझ्या शेतात ठिबक आहे. पाटानं पाणी सोडणाऱ्यांना कारखान्यानं ठिबकसाठी आधी पैसे द्यावेत.