मेसेज काय आहे म्हणे!

"सिनेमाचा मेसेज काय आहे?" हा प्रश्न मला आता ऐकवत नाही. पंगतीत वाढपी "जिलबी? जिलबी?" करत फिरतो ना, तसा हा प्रश्न हल्ली घराघरांतून फिरत असतो. सिनेमा पाहून आलेलं माणूस चप्पल काढायच्या आत सांगून टाकतं, "छान आहे, मेसेज चांगला आहे." नाहीतर, "बरा आहे, पण मेसेज काय?" मधलं काहीच नाही. बाई गं, तीन तास अंधारात बसलीस, तुझं काय झालं? कुठे पोटात खड्डा पडला, कुठे जांभई आली? असं विचारलं की चेहरे असे होतात, जणू मी त्यांच्या पासबुकातच डोकावले.

परवा आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर याच विषयावरून जुंपली. माझा भाचा हुशार आहे, वाचणारा आहे, आणि हा ब्लॉगही वाचतो (वाच रे बाबा, तुझ्यासाठीच लिहितेय). त्याचं म्हणणं असं, "मावशी, सामान्य प्रेक्षकाच्या पर्सनल रिअ‍ॅक्शनला काय किंमत आहे? कुणाला रडू येतं, कुणाला झोप येते. ज्याची त्याची आवड. सिनेमातून घ्यायचा असतो तो मेसेज." ग्रुपवर यावर आठ अंगठे पडले. मला मोबाइलवर लांबलचक टंकता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मेसेज या शब्दाचं जुनं नाव मला चांगलं ठाऊक आहे. त्याला आम्ही तात्पर्य म्हणायचो. इसापनीतीच्या गोष्टीखाली ते ठळक अक्षरात छापलेलं असायचं, आणि पेपरात त्याला दोन गुण असायचे. मुलं फार चलाख. गोष्ट न वाचता तात्पर्य लिहायची, आणि बहुतेक वेळा बरोबर लिहायची! 'गर्वाचे घर खाली', 'लोभाचे फळ वाईट', असली पाच-सहा वाक्यं पाठ असली की कुठल्याही गोष्टीला एक तरी बसायचंच. मी वर्गात विचारायचे, "अरे, कावळ्याच्या चोचीतला तुकडा पडला तेव्हा तुला कुणाचं वाईट वाटलं?" वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरचा एखादा, ज्याला कधी दोन गुण मिळाले नाहीत तो, हळूच म्हणायचा, "बाई, मला कोल्ह्याचं बरं वाटलं. त्याला भूक होती." त्या पोराने गोष्ट वाचली होती.

माझं भाच्याला सांगणं एवढंच आहे. मेसेज सांगायला सिनेमा पाहावा लागत नाही. स्वतःचं काय झालं ते सांगायला पाहावाच लागतो.

आता उदाहरण देते, नाहीतर म्हणशील मावशी नुसतीच बडबडते.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला लागला. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. १०० कोटींच्या वर धंदा करणारा पहिला मराठी सिनेमा म्हणून त्याचा बोलबाला झाला, ते सगळं तुम्हाला माहीत आहे. आम्ही मे महिन्यात वाशीला जाऊन पाहिला. आमच्या तुर्भ्यात सातारा-सांगलीकडची माथाडी कुटुंबं पुष्कळ, भाजीपाला मार्केटमुळे आलेली. त्यामुळे अर्धं थिएटर ओळखीचंच वाटत होतं. 'झिंगाट'ला पोरं खुर्च्यांपुढे उतरून नाचली, शिट्ट्यांनी कान किटले. आणि शेवटी काय झालं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. आवाज बंद झाला. ते लहानगं पोर, त्याची ती पावलं, मग अक्षरं. तीच नाचणारी पोरं खाली मान घालून बाहेर पडली. दारात गर्दी असूनही कुणी कुणाला ढकललं नाही.

दोन-तीन दिवसांनी आमच्या इमारतीच्या जिन्यात चार बायका आणि तळमजल्यावरचे एक गृहस्थ असे उभे होतो. विषय अर्थातच 'सैराट'. गृहस्थ शिकलेले, बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "गाणी वगैरे सोडा. मेसेज अगदी बरोबर आहे. मुलींनी आईबापाचं ऐकलं नाही की शेवट असाच होतो."

मी ऐकतच राहिले. ज्या सिनेमात पोरीचा भाऊच पोरीला मारतो, त्या सिनेमातून या माणसाने काय घेतलं, तर पोरीची चूक! आणि ते खोटं बोलत नव्हते. मेसेज काढायची हीच तर सोय आहे. आपल्या मनात आधीपासून जे असतं तेच पडद्यावरून खाली उतरवून घ्यायचं, वर चिठ्ठी लावायची 'मेसेज', आणि घरी न्यायचं. आर्चीच्या घरात काय पाहिलंत, तेव्हा तुमच्या हाताची मूठ वळली की नाही, याचं उत्तर द्यावंच लागत नाही.

आमच्यात एक वहिनी होत्या. सातारकडच्याच. वीस-बावीस वर्षांपूर्वी घरच्यांच्या मर्जीविरुद्ध, जातीबाहेर लग्न करून इकडे आल्या. त्या तेव्हा काहीच बोलल्या नाहीत, भाजीची पिशवी उचलून वर गेल्या. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा म्हणाल्या, "बाई, मला ते मारणं नाही हो आठवत. मला तो चहा आठवतो." माहेरची माणसं दारात आली, आईने दिलेल्या वस्तू घेऊन आली, आणि आर्चीने काय केलं? चहा ठेवला. "माहेरचं माणूस आलं की बाई आधी आधण ठेवते. मीही तेच करते. माझा भाऊ तसा नाही. थोरल्याच्या बारशाला आला, तेव्हापासून येतो, मसाला आणतो, पोरांना पैसे देतो. पण त्या रात्री मला झोप नाही आली. मी पहिल्यांदा विचार केला, की तो येतो तेव्हा घरात कोण कोण असतं."

याला म्हणतात प्रतिक्रिया! 'सैराट'वर मी पुरवण्यांतून रकानेच्या रकाने वाचले. त्या बाईंच्या चहाच्या कपाइतकं मला कशाने सांगितलं नाही. मंजुळ्यांनी तो चहा तिथे उगाच ठेवलेला नाही, हे मला त्यांच्यामुळे कळलं. आता भाच्या, तूच सांग, किंमत कुणाच्या बोलण्याला द्यायची? बँकेतल्या मेसेजला की जिन्यातल्या पर्सनल रिअ‍ॅक्शनला?

अजून एक गंमत बघा. २०१८ साली याच गोष्टीचा हिंदी 'धडक' आला. जात जवळजवळ पुसून टाकली, शेवटही बदलला. तिथे मुलगी वाचते. मेसेज म्हणाल तर तोच, तसूभरही हलला नाही! मेसेज हेच सार असेल तर दोन्ही सिनेमे सारखेच वाटायला हवे होते ना? आमच्या नातीने दोन्ही पाहिले. 'धडक'नंतर ती पॉपकॉर्नचं बोलली. 'सैराट'नंतर दोन दिवस तिने आईला नीट उत्तर दिलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, आजी फक्त रडण्याचं कौतुक करतायत. तसं नाही. कंटाळा हीसुद्धा प्रतिक्रियाच आहे, आणि प्रामाणिक असेल तर चांगलीच. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' २०१५ साली लागला. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, त्यामुळे ज्याला त्याला तो 'अप्रतिम' वाटणं भागच होतं. आमच्या एका मैत्रिणीने मात्र सरळ सांगितलं, "मला बाई कंटाळा आला. काही घडतच नाही, नुसत्या तारखा." बाकीच्या तिच्याकडे दयेने बघू लागल्या. पण तिला विचारलं, कुठे आला कंटाळा? तर म्हणाली, कोर्टात. आणि मग स्वतःच बोलू लागली, की सासऱ्यांच्या जमिनीच्या दाव्यात ती वर्षानुवर्षं तालुक्याच्या कोर्टात जाऊन बसली होती, तिथे अगदी असंच व्हायचं. पंखा फिरतो, कुणीतरी कागद चाळतो, पुढची तारीख. म्हणजे बाईंना सिनेमा कळला होता, 'अप्रतिम'वाल्यांपेक्षा जास्तच! गटारात उतरलेल्या कामगाराच्या मृत्यूचं खापर एका लोकशाहिराच्या गाण्यावर फोडलं जातं, आणि तो म्हातारा तारखांमध्ये कुजत राहतो. हे आपल्या अंगाला कंटाळ्यानेच कळतं.

'फँड्री'चं तर विचारूच नका. फेब्रुवारी २०१४. डुक्कर पकडायला धावणारं जब्याचं कुटुंब, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी ताठ, आणि डुक्कर निवांत चाललंय. थिएटर हसलं. आपल्याकडे २००३ पासून सिनेमाआधी राष्ट्रगीत लावतात. म्हणजे थोड्या वेळापूर्वी हेच लोक तसेच ताठ उभे होते. मग पडद्यावरचं गावही त्या कुटुंबाला हसायला लागतं. आणि शेवटी जब्याचा दगड येतो तो सरळ आपल्या तोंडावर. बाहेर पडताना ऐकू काय आलं? "जातिभेद वाईट, असा मेसेज आहे." अहो, दगड तुमच्याकडे आला होता! तुम्ही मान वळवलीत का, एवढंच सांगा. जातिभेद वाईट हे तर पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावरच्या प्रतिज्ञेच्या शेजारीसुद्धा छापता येईल, त्याला तिकीट कशाला काढायचं?

मालिकांबद्दल लिहायचं नव्हतं (मैत्रिणी रागावतात), पण एक मुद्दा राहतो. मालिका बघणाऱ्या बायकांना सगळे हसतात, की यांना काही कळत नाही. 'होणार सून मी ह्या घरची' आठवते? २०१३ ते २०१६. त्यातल्या जान्हवीचं गरोदरपण संपता संपेना, तेव्हा केवढे विनोद फिरले होते! ते विनोद कुणाच्या डोक्यातून आले असतील असं वाटतं? महिने मोजणाऱ्या बायकाच होत्या त्या. ज्यांनी स्वतः नऊ महिने मोजलेत त्यांना लेखकाची लबाडी पहिल्यांदा कळली. ही समीक्षा नाही तर काय आहे? फक्त ती ओट्यापाशी झाली, म्हणून मोजायची नाही.

भाच्याचा एक मुद्दा मात्र मला बाजूला सारता येत नाही. तो म्हणतो, "सगळ्यांच्या भावना एवढ्या मोलाच्या मानल्या, तर उद्या 'आमच्या भावना दुखावल्या' म्हणून मोर्चा काढणारेही बरोबर ठरतील." प्रश्न चांगला आहे. मी यावर दोन दिवस विचार केला. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हा कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते म्हणून ओरड झालीच होती. पण नीट ऐका. 'भावना दुखावल्या' हे वाक्य कधी एकवचनात ऐकलंय? ते नेहमी 'आमच्या' असतं, 'समाजाच्या' असतं. "मला अमुक प्रसंगात, अमुक वाक्याला, अमुक कारणाने वाईट वाटलं" असं एखादा मालवणचा माणूस सांगू लागला तर मी मांडी घालून ऐकेन, आणि कदाचित त्याचंच खरं असेल. पण पुष्कळदा ओरडणाऱ्याने तो भाग पाहिलेलाच नसतो. त्यालाही कुणीतरी मेसेजच पाठवलेला असतो, दोन्ही अर्थांनी! म्हणजे फिरून माणूस तिथेच येतो, न पाहता निकाल देण्यापाशी. वहिनींची गोष्ट वेगळी. त्यांनी कुणाला सिनेमा बंद करा म्हटलं नाही. त्यांनी स्वतःच्या घराच्या दाराकडे पाहिलं.

आणि 'ज्याची त्याची आवड' हे तर भांडण टाळायचं वाक्य आहे. आमच्या थोरल्या दिरांनी २००४ साली 'श्वास' पाहिला. ऑपरेशनने नातवाची दृष्टी जाणार, हे त्याला आधी सांगायचं की नाही, यावरून त्यांचं डॉक्टर असलेल्या धाकट्या भावाशी महिनाभर वाजलं. दीर म्हणायचे, पोराला कशाला सांगता, तेवढे दिवस तरी सुखात जाऊ देत. धाकटे म्हणायचे, डोळे त्याचे आहेत, सांगायलाच हवं. दोघांनी डोळे पुसले होते, पण वेगवेगळ्या ठिकाणी! 'आवड' म्हणून सोडून दिलं असतं तर ते महिनाभराचं बोलणं झालंच नसतं, आणि पुढे दिरांच्या स्वतःच्या आजारात काय सांगायचं नि काय लपवायचं, तेव्हा घरात कुणाला तोंड उघडता आलं नसतं. आलं ते त्या भांडणामुळे. दीर स्वतःच म्हणाले होते, "मला सांगा. त्या पोराला सांगितलं तसं."

असो. फार लांबलं.

तर भाच्या, तू रविवारी येणार आहेस. येताना परवाचा तो सिनेमा, ज्याला तू ग्रुपवर पाचपैकी साडेतीन दिलेस, त्याचा मेसेज आणू नकोस. तीन तासांत तू मोबाइल किती वेळा पाहिलास आणि कुठल्या प्रसंगात पाहायचा विसरलास, तेवढं आठवून ठेव. मी थालीपीठं करते.