उरलेला घोट

मैत्रिणींनो, विषय वाचून तुमच्या भुवया उंचावणार हे मला ठाऊक आहे. बाटली आडवी करायला गावोगाव फिरलेली ही बाई बिअरवर काय लिहिणार? पण शिकायला, नोकरीला शहरात गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या तोंडी हल्ली ‘क्राफ्ट बिअर’ हा शब्द येतो. त्याकडे पाठ फिरवून कसं चालेल?

मध्यंतरी पुण्याला भाचीकडे गेले होते. पुण्यात ‘डूलाली’ने २००९ मध्ये ही वाट पाडली, आता अशी बरीच ठिकाणं झालीत. “मावशी, बघ तर खरं,” म्हणत ती मला त्यातल्या एका ठिकाणी घेऊन गेली. काचेपलीकडे चकचकीत टाक्या होत्या. थोडीच बनवायची, तिथेच बनवायची आणि ताजी विकायची, ही यातली गोम. कृती ऐकताना मला आपलं स्वयंपाकघरच आठवलं. जव भिजवून मोड आणायचे, वाळवून भाजायचे, भरडून गरम पाण्यात त्यांचा गोडवा उतरवायचा. मग हॉप्सची फुलं घालून उकळायचं आणि गार झालं की यीस्ट घालून आंबवायचं.

भाचीने मोठा ग्लास न मागवता तीन छोटे पेले मागवले. गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या बिअरला केळ्याचा, लवंगेचा वास. त्यात केळंही नसतं नि लवंगही नसते, ही सगळी यीस्टची किमया! ‘आयपीए’ हॉप्समुळे कडवट, तर काळी ‘स्टाउट’ भाजलेल्या धान्यामुळे कॉफीसारखी. “आधी रंग बघ, मग वास घे, मग लहानसा घोट. मधे पाणी पी. आणि बर्फासारखी गार नको, जीभ बधिर झाली तर चव कसली कळणार?” भाची सांगत होती. खोटं कशाला बोलू, मी एक घोट घेतला. मला काही आवडला नाही!

तासाभराने आम्ही उठलो. पेल्यात थोडी उरली होती, ती भाचीने तशीच ठेवली. मला नवल वाटलं ते त्याचं.

परत आल्यावर बचत गटात हे सांगितलं. सगळ्या हसल्या. एकजण मात्र म्हणाली, “ताई, आमच्या घरी कधी उरत न्हाई.”

या एका वाक्यात सगळं आलं. तिथे चवीसाठी पितात असं म्हणतात, आमच्याकडे चढण्यासाठी पितात. देशात जास्त खपते तीही ‘स्ट्राँग’ बिअरच. तिथल्या एका ग्लासाला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यासाठी आमच्याकडची बाई दिवसभर खुरपते. तिथे मुली निवांत बसतात. आमच्याकडे संध्याकाळी दुकानावरून जाताना बाई पदर सावरून वाट बदलते. २००८ च्या शासन आदेशाने दुकान बंद करण्यासाठी मत देण्याचा हक्क बायकांना मिळाला. पण त्या मतदानाला यायला घरी किती भांडावं लागतं, ते मी पाहिलंय.

म्हणून शहरातली बिअर निर्धोक, असं मात्र नाही. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बिअरमध्ये २५ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं आणि काही क्राफ्ट बिअर याहून कडक असतात. मद्याचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. स्तनांच्या कर्करोगाचा धोकाही मद्याने वाढतो. गरोदरपणी तर थेंबही नको. आपल्या राज्यात बिअरसाठीही वयाची एकवीस वर्षं पूर्ण लागतात.

मैत्रिणींनो, मुलं सुट्टीला आली की नुसतं दरडावू नका. किती घेतोस, कुणाबरोबर, परतताना गाडी कोण चालवतं, हे सरळ विचारा. मुलीला विचाराल तेच मुलालाही विचारा. आणि पेल्यात उरलेलं तसंच ठेवून उठता येतं का, हेही विचारा. उत्तर देताना तो अडखळला, तर विषय तिथेच सोडू नका.