कामाचं बोला : रंगवलेला ब्रेकर आणि आमच्या ब्लॉकचा हप्ता



मागच्या अंकात आम्ही एसीच्या कॉम्प्रेसरबद्दल लिहिलं तेव्हा एका वाचक भगिनींनी फोन करून सांगितलं, "तुमचं सदर आता आमच्या घरी पुरुष मंडळींच्या आधी मी वाचते." त्यांची आधीच क्षमा मागतो. या वेळचा विषय स्वयंपाकघरापासून फार लांबचा आहे. मात्र घरच्या पैशांशी त्याचा अगदी जवळचा संबंध आहे, म्हणून त्यांनीही शेवटपर्यंत वाचावं.

झालं असं, की दोन रविवारांपूर्वी आपल्या मंडळाचा एक तरुण सभासद घरी आला. शारजात एका कंत्राटदाराकडे अकरा वर्षं पोकलेन चालवतो, मूळ गाव संगमेश्वरजवळ. चहा होईपर्यंत गप्प बसला आणि मग मोबाइल पुढे करून म्हणाला, "काका, नोकरी सोडतोय. ग्रॅच्युइटी आणि साठवलेले मिळून एक जुना ब्रेकर बघितलाय, बावीस हजार दिरहमला. ओळखीच्या परवानाधारक माणसाबरोबर भागीदारीत भाड्याने लावणार. फोटो बघून तेवढं सांगा, घेऊ का?"

फोटोत ब्रेकर पिवळाधमक, नुकताच रंगवलेला. नवरीसारखा नटवून उभा केलेला. आम्ही फोटो सौ.ना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "बदलापूर."

पोराला काही कळेना. तेव्हा ती जुनी गोष्ट सांगणं भाग पडलं. तुम्हालाही सांगतो.

१९९८ साली आम्ही आणि एक मित्र, दोघांनी मिळून असाच एक ब्रेकर घेतला. आम्ही तेव्हा मेंटेनन्समध्ये होतो, म्हणजे आपल्याला सगळं कळतं अशी खात्री होती. डोंबिवलीला ब्लॉक बुक केला होता, त्याचा दुसरा हप्ता बँकेत तयार होता. "सहा महिन्यांत दुप्पट करून भरू," असं आम्ही सौ.ना सांगितलं. जानेवारीतल्या थंड सकाळी यार्डात गेलो. विकणाऱ्याने पाच मिनिटं ब्रेकर चालवून दाखवला, धडधड आवाज झाला, आम्ही पैसे मोजले. कामावर तिसऱ्या दिवशी छिन्नीच्या बाजूने तेल गळायला लागलं, आठव्या दिवशी ठोक्यातला जोर गेला. उघडून पाहिलं तर पिस्टनची कड फुटलेली आणि सिलिंडरच्या आत उभ्या चरा पडलेल्या. दुरुस्तीचा अंदाज जवळजवळ खरेदीइतकाच निघाला. हप्ता चुकला, बुकिंग गेलं. चार वर्षांनी घर झालं ते बदलापूरला. आजही गाडी बदलापूर स्टेशनात शिरली की सौ. म्हणतात, "चला, ब्रेकरनगर आलं."

वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात, ते ब्रेकरला तंतोतंत लागू पडतं. म्हणून त्या पोराला जे सांगितलं तेच इथे क्रमाने देतो.

आधी यंत्राची ओळख. आपण पोकलेन म्हणतो ते मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. इथल्या अरबीत 'प' नाही, म्हणून साइटवर 'बोकलेन' ऐकू येतं. त्या पोकलेनच्या हाताला बादलीऐवजी जो हातोडा लावतात तो ब्रेकर. जर्मनीतल्या एसेनच्या क्रुप कंपनीने १९६३ साली त्याचं पेटंट मागितलं आणि १९६७ साली तो बाजारात आणला. आत एक जड पिस्टन असतो. पोकलेनच्या पंपाचं तेल त्याला वर उचलतं, वर कोंडलेला नायट्रोजन वायू दाबला जातो आणि तोच स्प्रिंगसारखा पिस्टनला खाली ढकलतो. पिस्टन छिन्नीच्या डोक्यावर आदळतो, छिन्नी काँक्रीट फोडते. मिनिटाला असे काही शे ठोके. २०२० साली अबू धाबीत मीना प्लाझाचे मनोरे स्फोटकांनी दहा सेकंदांत पाडले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पण गल्लीतला जुना व्हिला पाडायला स्फोटकं कोण देणार? तिथे ब्रेकरच लागतो, आणि त्यामुळेच जुन्या ब्रेकरला गिऱ्हाईक असतं.

आता तपासणी.

१. छिन्नी आणि बुश. बैलबाजारात दात पाहतात, तशी इथे छिन्नी पाहायची. पण नुसतं टोक पाहू नका, छिन्नी नवी टाकणं सोपं असतं. ती ज्या बुशमधून वरखाली होते तो बुश पाहा. पहार घालून छिन्नी डावीउजवीकडे हलवा आणि मधली फट मोजा. किती फट चालते तो आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो, तो आधी पाहून जा. बुश झिजला की छिन्नी तिरकी उभी राहते, पिस्टन तिच्या डोक्यावर सपाट न बसता कडेवर बसतो आणि कड फुटते. आमचं नेमकं हेच झालं होतं. बुश बदलता येतो. पिस्टन आणि सिलिंडर गेले तर ब्रेकर गेलाच म्हणा.

२. छिन्नी बाहेर काढायला लावा. अडकवणाऱ्या पिना काढल्या की ती खाली येते, फार वेळ लागत नाही. विकणारा "कशाला उगाच" म्हणाला तर समजा काहीतरी आहे. छिन्नीचं वरचं डोकं छत्रीसारखं पसरलंय का, टवके उडालेत का ते पाहा. मग टॉर्च आत मारून पिस्टनचं तोंड पाहा. ते गुळगुळीत आणि अखंड हवं.

३. लांब बोल्ट. ब्रेकरचे भाग चार लांब थ्रू बोल्टनी आवळलेले असतात. आवाज कमी करायला पेटीत बंद केलेल्या ब्रेकरमध्ये ते सहज दिसत नाहीत, पण झरोका उघडून पाहता येतात. तीन बोल्ट जुने आणि एक नवा कोरा दिसला तर "हा कधी तुटला? का तुटला?" हे विचारा. बाहेरच्या पत्र्यावर वेल्डिंगच्या रेघा शोधा. ताज्या रंगाखाली त्या लपतात, म्हणून डोळ्यांनी पाहून भागत नाही, बोटाने चाचपा.

४. नायट्रोजन. गेज लावून दाब मोजायला सांगा आणि नेमपट्टीवरच्या किंवा मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. वायू कमी असेल तर ठोका मऊ पडतो. जास्त भरला तर पिस्टन वरच उचलला जात नाही. काही ब्रेकरना बाहेर अ‍ॅक्युम्युलेटरही असतो. त्याचा पडदा फाटला की होज सापासारखे उड्या मारतात. आणि हे कायम लक्षात ठेवा, तिथे नायट्रोजनच भरायचा. जवळ आहे म्हणून कुणी वेल्डिंगच्या बाटलीतला ऑक्सिजन भरला, तर दाबाखाली तेल आणि ऑक्सिजन एकत्र येऊन स्फोट होतो.

५. तेल. छिन्नीभोवती काळं ग्रीस असणं ठीक आहे. पातळ तेल ओघळत असेल तर आतली सीलं गेलेली आहेत. ज्या पोकलेनवर ब्रेकर चालवून दाखवतात त्याच्या टाकीतलं तेल बाटलीत घ्या आणि उन्हात धरा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, आणि धातूची चमक दिसली तर आत काहीतरी खरवडतंय.

६. गरम होईपर्यंत चालवा. आम्ही १९९८ साली चुकलो ते इथे. थंडीत तेल घट्ट असतं, गळती लपते. निदान वीस मिनिटं, तेही दगडावर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर, चालवून घ्या. हवेत चालवून दाखवला तर त्याला काही अर्थ नाही. उलट छिन्नीखाली काही नसताना ठोके देणं हेच ब्रेकरला सगळ्यांत वाईट. ठोक्यांची लय एकसारखी हवी. मडकं घेताना टिचकी मारून कान देतो तसा कान द्या. अडखळला, दोन ठोके गाळले, तर थांबवा आणि कारण विचारा.

७. जोडी जुळते का? वीस टनी पोकलेनला साधारण दीड टनाचा ब्रेकर लागतो. पण नुसतं वजन जुळून भागत नाही. मिनिटाला किती लिटर तेल लागतं आणि किती बारचा दाब लागतो, हेही पोकलेनशी जुळायला हवं. तेल कमी मिळालं तर ब्रेकर रेंगाळतो. जास्त मिळालं तर तापतो आणि लवकर झिजतो. परतीच्या लाइनमध्ये दाब तुंबला तरी तेच. भाड्याने द्यायचा असेल तर आज या मशीनवर, उद्या त्या मशीनवर लागणार, म्हणून हे आकडे पाठ हवेत.

८. ब्रेकरसकट जुना पोकलेन घेत असाल तर बूम आणि आर्मच्या वेल्डिंगमध्ये तडे शोधा, पिनांचा ढिलेपणा पाहा. तासांच्या मीटरवर भरवसा ठेवू नका, तो बंद ठेवता येतो. शिवाय ब्रेकरवरचे हजार तास म्हणजे माती उकरण्याचे हजार तास नव्हेत. ठोका वरपर्यंत हाडं खिळखिळी करतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. होजला सुईएवढं भोक असेल तर ते हाताने शोधू नका. हातमोजा घातला असला तरी नको. शेकडो बार दाबाचं तेल कातडीतून थेट आत शिरतं. वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो. आत मात्र बोट सडायला लागतं. असं झालं तर तडक हॉस्पिटल गाठायचं आणि "हायड्रॉलिक तेल आत गेलंय" हे स्पष्ट सांगायचं, कारण शस्त्रक्रिया तासांच्या आत लागते. गळती शोधायला पुठ्ठा फिरवावा. होज सोडण्याआधी इंजिन बंद करून दाब उतरवावा. घरी मशीनवर काम करणारं कुणी असेल तर भगिनींनी हा एवढा परिच्छेद कापून त्यांच्या डब्यात ठेवावा, ही विनंती.

घेतल्यानंतरचं थोडक्यात. ब्रेकर उभा धरून, छिन्नी जमिनीवर दाबून मगच ग्रीस भरा. लटकता ठेवून भरलंत तर ग्रीस पिस्टन आणि छिन्नीच्या मध्ये साठतं आणि पहिल्याच ठोक्याला सीलं फोडतं. एका जागी फुटत नसेल तर अर्ध्या मिनिटात जागा बदला. छिन्नीने पहारीसारखं उचकटू नका. उन्हाळ्यात पंधरा जून ते पंधरा सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम इथे कायद्यानेच बंद असतं, तेवढा वेळ मशीनचं तेलही निवू द्या.

तर पुढे काय झालं? शनिवारी आम्ही पोराबरोबर यार्डात गेलो. बरोबर टॉर्च, पहार, मोजपट्टी, गेज आणि सौ.नी दिलेला पोह्यांचा डबा. छिन्नी नवी होती. बुश इतका झिजलेला की फटीत करंगळीचं नख सहज फिरत होतं. एक बोल्ट नवा. गरम होईपर्यंत चालवा म्हटल्यावर मालकाला एकदम दुसरं काम आठवलं. दोन हजार दिरहम कमी करतो म्हणाला. पोरगा आमच्याकडे बघायला लागला. आम्ही म्हटलं, "पैसे तुझे आहेत बाळा. पण हा बुश आणि आत जे काही असेल ते मिळून किती होईल, याचा हिशेब कर आणि मग बोल." त्याने तिथेच मोबाइलवर हिशेब केला आणि मोबाइल खिशात टाकला.

परत येताना गाडीत त्याच्या आईचा फोन आला. "घेतलंस का रे मशीन?" "नाही गं आई. बघतोय अजून." पलीकडे जरा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "बघ. घाई नको करूस." पोरगा खिडकीबाहेर बघत राहिला. वाईट वाटलं त्याला. अकरा वर्षं दुसऱ्याचं मशीन चालवलेल्या माणसाला स्वतःच्या मशीनची किती ओढ असते, ते आम्हाला ठाऊक आहे. राजीनामा अजून दिलेला नाही. दुसरा एक ब्रेकर समजलाय, गंजलेला दिसतो म्हणे, पण मालकाकडे ग्रीस आणि सील बदलल्याची वही आहे. पुढच्या शनिवारी तो बघायला जायचं आहे.

आमच्याकडचं गेज कुणाला हवं असेल तर मंडळाच्या कार्यालयात निरोप ठेवावा. दोन दिवसांत परत करावं, आणि पुसून. पुढच्या अंकात जुना जनरेटर घेताना काय पाहावं, त्याबद्दल.