नकाशातील रंग व आपला शेजार



भूगोलाच्या बहुतेक नकाशासंग्रहांत एक पान असे असते की, ज्यावर पृथ्वीवरील देश निरनिराळ्या रंगांनी रंगविलेले असून एकेक रंग एकेका धर्माचा दर्शक मानलेला असतो. युरोप व अमेरिका यांस एक रंग, मोरोक्कोपासून इराणापर्यंतच्या पट्ट्यास दुसरा, भारतास तिसरा, थायलंड व म्यानमार यांस चौथा. पान पाहावयास मनोहर असते व परीक्षेसाठी पाठ करावयासही सोपे. परंतु त्या पानावरून मुले नकळत जो धडा घेतात तो खरा नाही. आणि तो खरा नसल्यामुळे त्याची कडू फळे शाळेच्या पटांगणावर चाखावी लागतात, असे माझे मत आहे. तेच या लेखात सकारण मांडण्याचा विचार आहे.

तो धडा असा की, प्रत्येक धर्माचा एक देश असतो व प्रत्येक देशाचा एक धर्म. हा समज एकदा मनात रुजला म्हणजे पुढची पायरी दूर नसते. खेळताना भांडण जुंपते, आणि एक मुलगा दुसऱ्यास सहज बोलून जातो, "तू आपल्या देशात जा." ज्यास हे शब्द ऐकावे लागतात त्याचे आजे-पणजे याच जिल्ह्याच्या काळ्या मातीत ज्वारी व कापूस पिकवीत आलेले असतात; त्याची आई त्यास मराठीतच रागे भरते व मराठीतच निजविते. मग त्याने जावे कोठे? कोणास मक्केकडे बोट दाखविले जाते, कोणास विलायतेकडे. बोलणारा मुलगा दुष्ट असतो असे नाही. त्याने रंगीत पान पाहिलेले असते, एवढेच.

आता त्या पानावरील रंग कितपत खरे आहेत ते आकड्यांनी तपासू. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात ख्रिस्ती लोक सुमारे २३० कोटी, मुसलमान सुमारे २०० कोटी, कोणताही धर्म आपला न सांगणारे सुमारे १९० कोटी, हिंदू सुमारे १२० कोटी, बौद्ध सुमारे ३२ कोटी व यहुदी सुमारे दीड कोटी होते. यांपैकी हिंदूंचे शेकडा ९५ भारतातच आहेत, हे खरे. परंतु इतरांची स्थिती पाहा. इस्लामचा उदय अरबस्तानात झाला. तथापि मुसलमानांची सर्वांत मोठी संख्या ज्या देशात आहे तो इंडोनेशिया अरबस्तानापासून हजारो कोस दूर, समुद्रातील बेटांचा देश आहे. बौद्ध धर्माचा जन्म भारतात. परंतु बौद्धांची बहुसंख्या आढळते ती थायलंड, म्यानमार, श्रीलंका, कंबोडिया व भूतान या देशांत. ख्रिस्ती धर्माचा उगम आशिया खंडातील पॅलेस्टाईनमध्ये. १९१० साली जगातील ख्रिस्ती लोकांपैकी सुमारे दोन-तृतीयांश युरोपात राहत होते. २०२० साली युरोपात शेकडा २२ व सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत शेकडा ३१ होते. म्हणजे ज्या धर्मास आपल्याकडे कित्येक लोक 'साहेबाचा धर्म' म्हणतात, त्याचे अनुयायी आज साहेबाच्या घरापेक्षा आफ्रिकेतील शेतकऱ्यांच्या झोपड्यांत व शहरांतील चाळींत अधिक आहेत.

भारताचाही रंग एकच नाही. २०११ च्या जनगणनेत देशात हिंदू शेकडा ७९.८, मुसलमान १४.२, ख्रिस्ती २.३ व शीख १.७ भरले. तथापि त्याच जनगणनेत पंजाबात शीख बहुसंख्य आहेत, लक्षद्वीपात मुसलमान शेकडा ९६ हून अधिक आहेत, आणि नागालँड व मिझोराम येथे ख्रिस्ती शेकडा ८७ हून अधिक आहेत. भारतातील सुमारे ८४ लक्ष बौद्धांपैकी ६५ लक्ष एकट्या महाराष्ट्रात राहतात. तेव्हा 'बहुसंख्य' व 'अल्पसंख्य' हे शब्द माणसाच्या अंगास चिकटलेले नसतात. आगगाडीत बसून दोन-तीन दिवसांचा प्रवास केला की बहुसंख्याचा अल्पसंख्य होतो व अल्पसंख्याचा बहुसंख्य. मनुष्य मात्र तोच राहतो.

धर्म एका देशातून दुसऱ्या देशात जातो तो कोणत्या वाटांनी, याचाही विचार केला पाहिजे. पहिली वाट व्यापाराची. आपल्या जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. या गावच्या दात्यांची नावे दोन हजार वर्षांपूर्वी मध्य भारतातील सांचीच्या स्तूपावर कोरली गेली आहेत. ज्या वाटांनी माल जाई त्याच वाटांनी भिक्षू जात, दाने जात व विचारही जात. इंडोनेशियात इस्लाम पोहोचला तोही प्रामुख्याने व्यापाऱ्यांच्या गलबतांतून. दुसरी वाट राजसत्तेची. सम्राट अशोकाने बौद्ध धर्मास आश्रय दिला. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्मास इसवी सन ३१३ मध्ये मोकळीक मिळाली व ३८० मध्ये तो राजधर्म ठरला. तिसरी वाट आश्रयार्थींची. पारशी लोक इराण सोडून गुजरातच्या किनाऱ्यास लागले, ते तेथे आपल्या श्रद्धेस अभय मिळावे म्हणून. चौथी वाट पोटाची. एकोणिसाव्या शतकात आपल्या कोकणातील गोरगरीब मजुरीसाठी मॉरिशस बेटावर गेले. त्यांच्याबरोबर मराठी भाषा गेली व गणपतीही गेला. आणि आज त्या बेटावर हिंदूंची संख्या निम्म्याच्या जवळपास आहे. पाचवी वाट अंतःकरणपूर्वक केलेल्या निवडीची. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला, आणि ज्या भूमीतून हा धर्म जवळजवळ नाहीसा झाला होता तेथे तो पुन्हा उभा राहिला.

एक सहावी वाटही आहे. आणि ती सांगितल्यावाचून पुढे गेलो तर तो अप्रामाणिकपणा होईल. ती जबरदस्तीची. मी स्वतः ख्रिस्ती असल्यामुळे आपल्याच घरचे उदाहरण देणे मला उचित वाटते. १५६० साली पोर्तुगीज सत्तेने गोव्यात धर्मन्यायालय स्थापिले व त्याच्या नावाखाली पुष्कळ लोकांचा छळ केला. तो छळ ज्या प्रभूच्या नावाने झाला त्याने स्वतः कोणावरही बळजबरी केली नव्हती. असे प्रकार अन्य धर्मांच्या नावानेही झाले आहेत. परंतु प्रत्येकाने आपल्या घरचा केर प्रथम काढावा, हाच उत्तम मार्ग होय.

आता आपल्या गावाकडे वळू. 'जालना सोने का पालना' ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना व दुसऱ्या तीरावर नवा जालना. आणि या पाळण्यात कोण कोण वाढले ते पाहा. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली झाला तो आज आपल्या जिल्ह्यात असलेल्या जांब या गावी. राजूरच्या गणपतीस दूरदूरचे लोक येतात. शहरात मशिदी व दर्गे आहेत, जैन बांधवांचे गुरू गणेश धाम आहे, बुद्धविहार आहेत, ख्रिस्ती मंडळीची उपासनामंदिरे आहेत. नांदेडहून अमृतसरला जाणारी गाडी आपल्या स्टेशनावर थांबते, तेव्हा तिच्यात गुरू गोविंदसिंहांच्या समाधिस्थळाचे दर्शन घेऊन परतणारे शीख यात्रेकरू असतात. जगाच्या नकाशावर टाचणीच्या टोकाएवढीही जागा न व्यापणाऱ्या या गावास चित्रकाराने कोणता रंग द्यावा?

बेथेलचीच गोष्ट घ्या. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. १८४३ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्च मिशनच्या वतीने त्यांनी जालन्यास कार्य आरंभिले व शहराजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसविली. बेथेल हा इब्री शब्द असून त्याचा अर्थ देवाचे घर. या वस्तीसाठी जमीन मिळाली ती हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्या कृपेने. आणि तेथे राहावयास आली ती बहुतेक त्या काळी अस्पृश्य मानिलेल्या समाजांतील मराठी कुटुंबे. शब्द यहुद्यांचा, पैसा स्कॉटलंडचा, पाळक ब्राह्मण कुळातला, जमीन मुसलमान दिवाणाने दिलेली, आणि वस्ती मराठी शेतकऱ्यांची व मजुरांची! ही वस्ती 'परदेशी' म्हणणाऱ्याने यातील परदेशी भाग नेमका कोणता ते एकदा निवडून दाखवावे.

भारतातील ख्रिस्ती धर्म इंग्रजांनी आणला, हाही समज तपासून पाहण्याजोगा आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने मलबारात व 'कॅलिआना' येथे ख्रिस्ती लोक असल्याचे लिहून ठेविले आहे. आणि हे कॅलिआना म्हणजे आपले मुंबईजवळील कल्याण, असे अनेक विद्वानांचे मत आहे. संत ऑगस्टीन इंग्लंडात केंट येथे उपदेशास उतरला तो इसवी सन ५९७ मध्ये. म्हणजे इंग्रजांचे पूर्वज वोडेन व थुनोर यांची पूजा करीत होते त्या काळी भारतात ख्रिस्ती प्रार्थना होत होती. तशीच गोष्ट कोकणातील बेने इस्राएल लोकांची. धर्माने यहुदी, परंतु घरची भाषा मराठी व आडनावे गावांवरून पडलेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांतील पुष्कळसे इस्राएल देशास गेले; तेथेही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, "हे सर्व मान्य, तथापि ज्या देशात जे बहुसंख्य, त्या देशात त्यांचेच वळण चालावयाचे. यात अन्याय तो काय?" आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. बाजार कोणत्या दिवशी बंद असावा, सुट्ट्या कोणत्या सणांस असाव्यात, अशा गोष्टींत संख्येचा विचार होतो व तो व्हावाही. परंतु वळण निराळे व हक्क निराळे. दिवाळीची सुट्टी नाताळाच्या सुट्टीपेक्षा लांब असली म्हणून ख्रिस्ती मुलाचे काही बिघडत नाही. मात्र त्यास 'तू येथला नव्हेस' असे म्हटले गेले तर सारेच बिघडते. आमच्या आजोबांच्या काळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. राजा एका धर्माचा व बहुसंख्य प्रजा दुसऱ्या धर्माची. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य संपले. देशाचा धर्म राजाच्या धर्मावरून ठरवावा तर आमचा मुलूख तेव्हा एका रंगाचा ठरेल. प्रजेच्या संख्येवरून ठरवावा तर दुसऱ्या. दोन्ही रीतींनी कोणीतरी आपल्याच अंगणात पाहुणा ठरतो. म्हणूनच आपल्या राज्यघटनेने देशास कोणताही राजधर्म दिला नाही व प्रत्येकास आपल्या सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे वागण्याचे स्वातंत्र्य दिले, हे फार शहाणपणाचे झाले.

दोन शब्द आमच्या ख्रिस्ती मुलांसाठीही. जगात आपली संख्या सर्वांत मोठी, असे सांगून छाती फुगविण्याचा मोह काहींस होतो. तो टाळावा. संख्या सत्याचा पुरावा नव्हे. तसे असते तर गालीलातील बारा शिष्यांचे म्हणणे त्या काळी साफ खोटे ठरले असते. महाराष्ट्रात आपण शंभरात एकही भरत नाही, म्हणून मान खाली घालण्याचेही कारण नाही. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई व रेव्हरंड टिळक यांनी मराठी भाषेची जी सेवा केली ती डोकी मोजून केली नाही. आपला शेजारी कोण, या प्रश्नास प्रभूने जी गोष्ट सांगून उत्तर दिले, तिच्यात जखमी प्रवाशाची शुश्रूषा करणारा मनुष्य तिरस्कृत मानल्या गेलेल्या शोमरोनी लोकांपैकी होता, हे आपण विसरू नये.

शेवटी पालकांस नम्र विनंती. शाळा मुलांस नकाशा शिकवील. परंतु शेजार शिकविण्याचे काम घराचे आहे. ईदेस मुलगा मित्राच्या घरी शिरखुर्म्यास जाऊ म्हणाला, नाताळास कोणी मित्र आपल्या घरी करंज्या खावयास आला, बुद्धपौर्णिमेस विहारात किंवा संवत्सरीस स्थानकात काय चालते ते पाहावे असे मुलीच्या मनात आले, तर आडकाठी करू नये. त्यामुळे कोणाचा धर्म बुडत नाही. शेजाऱ्याच्या घरचे चार घास खाऊन जी श्रद्धा ढळेल ती मुळातच पक्की नव्हती, असे समजावे. आणि "आपल्या देशात जा" हे शब्द मुलाच्या तोंडून निघाले, तर त्यास छडी न मारता एकच काम सांगावे: जालन्याचा नकाशा काढ, आपल्या आळीतील प्रत्येक घर त्यावर दाखीव, व प्रत्येक घराचा मूळ देश कोणता ते त्या घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून लिही. बहुतेक घरांपुढे त्यास एकच नाव लिहावे लागेल.

ज्या परमेश्वराने सर्व राष्ट्रे निर्माण केली तो आपणां सर्वांस एकमेकांचे शेजारी होण्याची सद्बुद्धी देवो.