मानेतला नोड कोणाच्या बाजूचा?

तोंडाच्या कॅन्सरचे निदान सांगितले की नाशिकच्या कुठल्याही ओपीडीत नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, इम्युनिटी वाढवायला काही लिहून द्या ना." सुरगाण्याचा शेतमजूर असो की सातपूरचा कामगार, मागणी तीच, आणि आपल्यातले बरेच जण ती टॉनिकच्या बाटलीवर भागवतात. रुग्णाची समजूत तशी असणे स्वाभाविक आहे. आपलीही तशीच असेल, तर मात्र काळजीचे कारण आहे. पसरणाऱ्या कॅन्सरपुढे प्रतिकारयंत्रणा नुसती कमी पडत नाही, तिचा काही भाग कॅन्सरच्याच कामी लागलेला असतो.

रक्तात उतरलेल्या बहुतेक कॅन्सरपेशी तिथेच मरतात. काही प्रवाहाच्या माऱ्याने, काही एनके पेशींच्या हातून. ज्या तगतात, त्यांतल्या अनेकींना प्लेटलेटचे आवरण लाभलेले असते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये न्यूट्रोफिलच्या सोबतीने फिरणाऱ्या पेशी एकट्या पेशींपेक्षा जास्त जोमाने विभागतात, हे स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले. संसर्गात ज्या न्यूट्रोफिलवर आपली भिस्त असते, तेच इथे फैलावाला हातभार लावतात. यात 'वाढवायचे' नेमके काय?

तंबाखू-चुन्याच्या आपल्या मुलखात हा प्रश्न मानेतच येऊन ठेपतो. टी पेशींना कॅन्सरची पहिली ओळख मानेतल्या नोडमध्ये होते, आणि गालातून-जिभेतून सुटलेल्या पेशींचा पहिला मुक्कामही तिथेच पडतो. स्टॅनफर्डच्या २०२२ मधल्या उंदरांवरील अभ्यासात असे आढळले की नोडमध्ये वसलेल्या पेशी नियामक टी पेशींना हाताशी धरतात. मग दूरच्या अवयवांतला फैलावही सोपा होतो. असा नोड शरीरात ठेवून वाट पाहणे परवडत नाही. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने तर हे रुग्णांच्या आयुष्यातच मोजून दाखवले. सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेची शस्त्रक्रिया आधीच केलेल्यांपैकी ८०.० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ येईपर्यंत थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के.

मग नोडचे शिकवण्याचे काम वाया घालवायचे का? कीनोट-६८९ या २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शस्त्रक्रियेने काढता येण्याजोग्या पण पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांना आधी पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचे दोन डोस दिले, मग शस्त्रक्रिया केली आणि औषध पुढेही चालू ठेवले. तीन वर्षे रोग न उलटलेल्यांचे प्रमाण ४६.४ वरून ५७.६ टक्क्यांवर गेले. गाठ आणि नोड जागेवर असतानाच टी पेशींवरचा लगाम सैल करावा, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो.

अडते ते पैशापाशी. म्हणूनच डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांच्या टाटामधल्या २०२२ च्या कामाचे मोल मोठे आहे. बरे करण्याच्या पलीकडे गेलेल्या डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये त्यांनी तोंडावाटे कमी मात्रेत सतत घ्यायच्या (मेट्रोनॉमिक) औषधांना दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅबची, म्हणजे त्याच प्रकारच्या इम्युनोथेरपीची, जोड दिली. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅमचा! वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. जमीन न विकता घेता येईल अशा उपचाराच्या दिशेने टाकलेले हे पाऊल आपल्याच राज्यातले आहे, आणि त्याची माहिती तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचलीच पाहिजे.

तंबाखू खाणाऱ्याच्या मानेतल्या टणक गाठीवर अँटिबायोटिकचे कोर्स पाठोपाठ देत राहणे थांबवा. सुईने तपासणी करून घ्या. आणि इम्युनोथेरपी घेतलेला रुग्ण कळवणच्या किंवा पेठच्या दवाखान्यात जुलाब, कोरडा खोकला, धाप किंवा न जाणारा थकवा घेऊन आला, तर नेहमीची गोळी देऊन घरी पाठवू नका. लगाम सुटलेल्या टी पेशी आतडे, फुप्फुस, थायरॉइड यांच्यावरही उलटतात, कधी शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही. त्याच दिवशी त्याच्या कॅन्सरतज्ज्ञाशी बोला. शहरातल्या कॅन्सरतज्ज्ञांकडे एक मागणी आहे: औषधाचे नाव, शेवटच्या डोसची तारीख आणि आपला फोन क्रमांक मराठीत लिहिलेले कार्ड प्रत्येक रुग्णाच्या खिशात द्या.