बाबासाहेबांच्या ग्रंथांना नवे कुलूप नको

बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. फडावरच्या कोपीत वाचनालय पोहोचत नाही, मोबाईल मात्र पोहोचतो. म्हणून इंटरनेटवर बाबासाहेबांचे कोणते ग्रंथ वाचता येतात आणि ते कोण काढू शकतो, हा प्रश्न केवळ मुंबई-दिल्लीच्या वकिलांचा नाही. तो आपला आहे.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे झाले. अमेरिका-युरोपात सर्वसाधारण मुदत ७० वर्षांची आहे आणि ती व्यापार करारांतून इतरांच्या गळ्यात घातली जाते. कॅनडाने अमेरिकेबरोबरच्या करारामुळे २०२२ च्या अखेरीस ५० ची ७० केली. आपल्याकडे तसे असते, तर ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ २०२६ च्या अखेरपर्यंत कुलपात राहिले असते! मरणोत्तर प्रकाशनाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ सरकारने १९८७ साली छापले. त्या हिशेबाने ते २०४७ संपेपर्यंत बंधनात आहे.

मुदतीइतकीच अंमलबजावणी घातक आहे. २०१३ च्या नियमांप्रमाणे हक्कदाराची तक्रार आली की मध्यस्थ कंपनीने ३६ तासांत मजकूर बंद करायचा. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तरच तो पुन्हा खुला करता येतो. म्हणजे आधी शिक्षा, मग सुनावणी. १० एप्रिलला तक्रार झाली की १४ एप्रिलची जयंती गेलीच! महाराष्ट्राने तर २००९ साली हातभट्टीवाले व झोपडपट्टीदादांसाठीच्या स्थानबद्धतेच्या कायद्यात ‘व्हिडिओ पायरेट’ घातला. त्याखाली खटल्याविना वर्षभर डांबता येते. असा कायदा मोठ्या कंपनीवर चालेल की वस्तीतल्या पोरावर, हे वेगळे सांगायला हवे काय?

लेखकाला, शाहिराला त्याच्या घामाचा दाम मिळालाच पाहिजे. भीमगीत एकाने लिहायचे आणि कंपनीने विकायचे, हेही शोषणच आहे. पण चोरून धंदा करणारा आणि शिकण्यासाठी प्रत काढणारा एकाच मापाने मोजता येत नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानावरील ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांचा दावा फेटाळला, तो याच भेदावर. ‘अ‍ॅक्टा’ हा जाचक आंतरराष्ट्रीय करार २०१२ साली युरोपियन संसदेने फेटाळला, कारण लोक रस्त्यावर उतरले होते.

ज्ञानबंदी आपण पिढ्यान्पिढ्या भोगली. तेव्हा ती धर्माच्या नावाने होती, आता मालमत्तेच्या नावाने येऊ पाहते. म्हणून चळवळीने तीन मागण्या लावून धराव्यात. व्यापार करारात ६० वर्षांची मुदत वाढवू नये. न्यायालयाच्या आदेशाविना मजकूर हटवू नये. आणि राज्य सरकारने बाबासाहेबांचे सर्व खंड, ‘रिडल्स’सह, इंटरनेटवर कायम खुले ठेवावेत.